एका अनाथालयातील दोन प्रयोग

मूल वेळेवर बोलू लागले नाही म्हणजे घरात काय काय घडते, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. आजी वेखंड उगाळून मधातून जिभेला लावते. शेजारीण म्हणते, जिभेची तार कापून घ्या. आत्याबाई आठवण करून देतात की, ह्याचा चुलताही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि आज कोर्टात वकिली करतो. एवढ्यानेही भागले नाही म्हणजे बोट वळते ते आईकडे. ती कामाला जाते म्हणून, ती फार बोलते म्हणून, किंवा ती मुळीच बोलत नाही म्हणून. दैव, औषध आणि आई ह्या तिघांच्या पलीकडे आपला विचार सहसा जात नाही.

वाचा ही मुलाला येते कशी, आणि ती अडली तर तिला वाट कशी करून द्यावी, ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ झाला आहे. आम्ही काही ह्या शास्त्राचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी. परंतु हा इतिहास वाचताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती श्रोत्यांपुढे ठेवण्याचा आम्हांस अधिकार आहे असे वाटते. ती अशी की, मुलाची वाचा हा जितका वैद्यकाचा विषय आहे तितकाच तो श्रमाचाही विषय आहे. मुलाशी बोलावयास कोणीतरी माणूस लागते, त्या माणसाला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी मोकळा करून द्यावा लागतो. हे ज्या ठिकाणी अगदी उघड्यावर दिसून आले, अशा एका जागेची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

ही जागा म्हणजे अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, डेव्हनपोर्ट गावचे अनाथालय. अमेरिकेत यादवी युद्ध झाले, त्यात मारल्या गेलेल्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी ॲनी विटनमायर नावाच्या एका कर्तबगार बाईने खटपट केली. १८६५ साली युद्ध संपले आणि डेव्हनपोर्टच्या लष्करी बराकी रिकाम्या झाल्या. त्यांत ही मुले आणून ठेवण्यात आली. पुढे शिपायांची मुले मोठी होऊन निघून गेली, पण संस्था राहिली. तीत राज्यातील निराधार, टाकलेली, आईबापांना पोसता न येणारी मुले येऊ लागली. १९२९ नंतर जी जागतिक मंदी आली, तीत अशा मुलांना तोटा नव्हता. संस्था गच्च भरली.

ह्याच राज्यात आयोवा सिटी येथे विद्यापीठ होते, आणि त्या विद्यापीठात वाचादोषांच्या अभ्यासाची एक नवी शाखा आकार घेत होती. कार्ल सीशोर नावाचे मानसशास्त्रज्ञ तिचे प्रवर्तक. ली एडवर्ड ट्रॅव्हिस हा त्यांचा शिष्य. त्याने १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि तोतरेपणा, अडखळणे, न बोलणे ह्या तक्रारींसाठी तेथे चिकित्सालय उभारले. तोपर्यंत हे काम वक्तृत्वाचे शिक्षक, बहिऱ्या मुलांचे मास्तर आणि वैदू लोक आपापल्या परीने करीत असत. १९२५ मध्ये आयोवा सिटीतच काही मंडळी जमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वाचादोष सुधारणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली. आज अमेरिकेतील वाचा-उपचारतज्ज्ञांची जी प्रचंड संघटना आहे तिचे मूळ त्या लहानशा बैठकीत आहे. त्याच विद्यापीठात १९१७ पासून बालकल्याणाचे संशोधन केंद्रही होते. कोरा हिलिस नावाच्या एका गृहिणीने वर्षानुवर्षे आमदारांच्या मागे लागून ते मंजूर करून घेतले होते. डुकरांची आणि मक्याची पैदास सुधारण्यासाठी राज्य पैसा खर्च करते, तर मुलांसाठी का नाही, असा तिचा साधा युक्तिवाद होता.

ह्या केंद्रातील हॅरल्ड स्कील्स हे मानसशास्त्रज्ञ राज्याच्या नोकरीत होते. डेव्हनपोर्टच्या मुलांची बुद्धी मोजणे आणि कोणते मूल दत्तक देण्याजोगे आहे ते ठरवणे, हे त्यांचे काम. त्यांनी तेथील तान्ह्या मुलांच्या दालनाचे जे वर्णन नोंदवून ठेवले आहे ते आम्हांला कारखान्याच्या खात्याच्या पाहणीसारखे वाटले. ओळीने पाळणे. पाळण्यांच्या बाजूंना पांढरी कापडे लावलेली, म्हणजे शेजारचे मूलही दिसू नये. खेळणी नाहीत. दुधाची बाटली उशीला टेकवून ठेवलेली. परिचारिका येते ती दूध, लंगोट आणि औषध ह्यांपुरती, आणि पुढच्या पाळण्याकडे जाते. दोन वर्षांची झाली की मुले कॉटेज नावाच्या इमारतींत हलवीत. तेथे तीस-पस्तीस मुलांवर एक मेट्रन, आणि तिच्या हाताखाली त्याच संस्थेतील तेरा ते पंधरा वर्षांच्या तीन-चार मुली, त्याही बहुधा नाखुशीने राबणाऱ्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ह्या हकीकतीत कोणी दुष्ट बाई नाही. मुलांना मारहाण झाली, उपाशी ठेवले, असे स्कील्स म्हणत नाहीत. मुले स्वच्छ होती, पोटभर खात होती. परंतु एका बाईच्या वाट्याला पस्तीस मुले आली म्हणजे तिच्या दिवसाचा हिशेब कोणत्याही जॉबरने मांडावा. उठवणे, धुणे, कपडे घालणे, भरवणे, पुन्हा धुणे, निजवणे. ह्या हिशेबात एका मुलापुढे बसून, त्याने हात दाखवला त्या वस्तूचे नाव सांगून, त्याच्या तोंडून ते नाव बाहेर पडेपर्यंत थांबण्याला जागाच नव्हती. साच्यांची संख्या वाढवली की सूत तुटते, हे गिरणीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. तेथे तुटत होती ती वाचा.

ह्याच दालनात दोन मुली होत्या. एक तेरा महिन्यांची, दुसरी सोळा महिन्यांची. बसत नव्हत्या, हसत नव्हत्या, आवाज करीत नव्हत्या. एका जागी डुलत आणि रडत असत. स्कील्सनी मोजमाप केले तेव्हा त्यांची वाढ सहा-सात महिन्यांच्या मुलाइतकी निघाली. बुद्ध्यंक शंभर म्हणजे साधारण मूल असे धरले, तर ह्यांचा निघाला ४६ आणि ३५. अशा मुलींना कोण दत्तक घेणार? त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांची रवानगी, त्या काळच्या भाषेत ज्यांना मंदबुद्धी म्हणत, अशा माणसांच्या सरकारी संस्थेत झाली. त्यांच्याविषयी कोणाला काही आशा उरली नव्हती.

सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेच्या फेरीवर गेले असता त्यांना एका वॉर्डात दोन तरतरीत मुली धावताना-खेळताना दिसल्या. ह्या त्याच, ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा मोजले. बुद्ध्यंक ७७ आणि ८७. आणखी सहा महिन्यांनी मोजले, तर १०० आणि ८८. हा काय चमत्कार, म्हणून त्यांनी चौकशी केली. चमत्कार काहीच नव्हता. त्या वॉर्डात अठरा ते पन्नास वर्षांच्या बायका होत्या. स्वतःच्या बुद्धीच्या मापाने पाच ते नऊ वर्षांच्या. पण त्यांना वेळ होता, आणि जीव लावायला दुसरे कोणी नव्हते. दोन तान्ह्या मुली वॉर्डात येताच त्या सगळ्या वॉर्डाच्या लेकी झाल्या. कोणी मांडीवर घेई, कोणी केस विंचरी, कोणी तासन् तास बडबडे. तेथल्या नोकर बायकाही सुट्टीच्या दिवशी त्यांना बाजारात नेत, पदरचे पैसे घालून खेळणी व चित्रांची पुस्तके आणीत.

स्कील्सनी मग जे केले त्याला धाडस लागते. त्यांनी वरिष्ठांचे मन वळवले आणि आणखी मुले तेथे पाठवली. कायद्याने त्यांना तेथील रहिवासी करता येईना, म्हणून 'पाहुणे' म्हणून पाठवली. एकूण तेरा मुले झाली, दहा मुली आणि तीन मुलगे, सगळी तीन वर्षांच्या आतली. एकेका वॉर्डाला एकदोन मुले मिळाली. मग वॉर्डावॉर्डांत चढाओढ लागली की, कोणाचे बाळ आधी चालते आणि कोणाचे आधी बोलते. बहुतेक प्रत्येक मुलाला त्यांतली एक बाई विशेष आपली अशी लाभली. ह्या तेरा मुलांचा सरासरी बुद्ध्यंक आरंभी सुमारे ६४ होता. सरासरी दीड-पावणेदोन वर्षांनंतर तो सुमारे ९२ झाला. पुढे ह्यांतील अकरा मुले दत्तक गेली.

नंतर स्कील्सनी अनाथालयाचे जुने कागद काढले. त्यांत त्यांना बारा मुले अशी आढळली की, जी कायद्याच्या अडचणींमुळे वा अन्य कारणांनी मागेच राहिली होती. ती आरंभी बरी होती, सरासरी सुमारे ८७. पांढऱ्या कापडाच्या पाळण्यांत आणि पस्तिसांच्या घोळक्यात राहून ती सुमारे ६० वर उतरली. पुढे गेलेल्यांतले बहुतेक आधी मागासलेले होते, आणि मागे पडलेल्यांतले बहुतेक आधी ठीक होते, ही ह्या हकीकतीतली खरी गोम आहे.

हा वृत्तांत १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर मोठा वाद उठला. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली असते ह्या मताचे लुइस टर्मन, फ्लॉरेन्स गुडइनफ ह्यांसारखे वजनदार पंडित आयोवाकरांवर तुटून पडले. त्यांचे सर्वच आक्षेप पोकळ नव्हते. मुले थोडी होती. त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. तान्ह्या मुलाचे बुद्ध्यंक भरवशाचे नसतात, आणि फार खालचा आकडा पुढच्या मोजणीत आपोआप थोडा वर येतो. विरोधकांची ही बाजू न्याय्य आहे. परंतु त्यातून निघालेला व्यवहार असा झाला की, स्कील्सची गोष्ट जवळजवळ वीस वर्षे बासनात राहिली.

आता त्याच फाटकातून आत गेलेल्या दुसऱ्या प्रयोगाकडे वळू. साल तेच, १९३९. आयोवाच्या वाचा-चिकित्सालयात वेंडेल जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. ते स्वतः अडखळत बोलत. तोतरेपणावर इलाज मिळेल ह्या आशेने ते तरुणपणी कॅन्सस सोडून आयोवाला आले आणि तेथेच त्या विषयाचे संशोधक झाले. त्यांचे मत असे बनले होते की, लहान मूल बोलताना थोडेफार अडखळतेच. आईबाप घाबरून त्याला तोतरा म्हणतात, आणि त्या नावानेच मूल तोतरे होते. हे मत तपासण्यासाठी त्यांनी मेरी ट्यूडर ह्या विद्यार्थिनीला डेव्हनपोर्टच्या अनाथालयात पाठवले.

जानेवारी ते मे असे पाच महिने हे काम चालले. बावीस मुले घेतली. त्यांत दहा मुले आधीपासून अडखळणारी आणि बारा मुले साधारण बोलणारी. ह्या बारांपैकी सहा मुलांना सांगण्यात आले की, तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणे दिसू लागली आहेत, ती ताबडतोब थांबवली पाहिजेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नये. तेथील मास्तरांना आणि मेट्रनांनाही तसेच सांगून मुलांना टोकत राहावयास लावले. मुलांना खरा हेतू कळवला नव्हता. त्यांच्या वतीने 'नको' म्हणणारे तर ह्या जगात कोणी नव्हतेच. म्हणून तर ती डेव्हनपोर्टला होती.

परिणाम काय झाला? ती सहाही मुले तोतरी झाली असे जे पुष्कळदा सांगितले जाते ते बरोबर नाही. निकोलीन ॲम्ब्रोज आणि एहूद याइरी ह्या दोन अभ्यासकांनी २००२ मध्ये मूळ प्रबंधाचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. परंतु प्रबंधातच जे लिहिले आहे ते पुरेसे आहे. मुले बोलायला लाजू लागली. एकेक शब्दावर थांबू लागली. काही तर विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली. ट्यूडरबाई स्वतः नंतर तीन वेळा तेथे गेल्या आणि जे बिघडवले ते सुधारण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पण तो पुरा पडला नाही. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात फळीवर गेला आणि जॉन्सननी त्याचा गाजावाजा केला नाही. २००१ मध्ये सॅन होजे येथील एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला. म्हातारपणी त्या मुलांना प्रथमच कळले की, आपण लहानपणी कशाचे धनी झालो होतो. विद्यापीठाने त्याच वर्षी क्षमा मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने वाचलेल्यांना व मयतांच्या वारसांना मिळून ९,२५,००० डॉलर देऊन दावा मिटवला.

एकाच छपराखाली, एकाच दशकात, हे दोन प्रयोग झाले. एकात ज्यांना जगाने बुद्धिहीन ठरवले होते अशा बायकांनी मुकी मुले बोलती केली. दुसऱ्यात शिकल्यासवरलेल्या माणसांनी बोलती मुले गप्प केली. विद्या वाईट असते असा ह्याचा अर्थ आम्ही घेत नाही. पहिल्या प्रयोगाची नोंद स्कील्ससारख्या विद्वानाने ठेवली नसती तर ती आपल्यापर्यंत पोहोचली नसती. अर्थ एवढाच की, बोलण्याची चूक दाखवून मूल बोलते होत नाही. त्याच्या बोलण्याला कोणी आनंदाने उत्तर दिले म्हणजे ते बोलते होते.

पहिल्या हकीकतीचा शेवट अजून सांगावयाचा आहे. दुसरे महायुद्ध आले आणि गेले. एकवीस वर्षांनंतर स्कील्स पुन्हा त्या मुलांच्या शोधाला निघाले. पत्ते बदललेले, आडनावे बदललेली. तरी पंचविसांपैकी प्रत्येकाचा माग त्यांनी काढला आणि १९६६ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाहुणे म्हणून गेलेली तेराही मुले स्वतःच्या कमाईवर जगत होती. निम्म्याहून अधिकांनी बारावी इयत्ता पुरी केली होती, काही कॉलेजात गेली होती. मागे राहिलेल्या बारांपैकी एक वयात येता येताच संस्थेत वारला होता, चौघे अजून संस्थांतच होते, आणि बाकीचे बहुतेक भांडी धुण्यासारख्या कामांवर. त्यांचे शिक्षण सरासरी तिसरीच्याही आत. स्कील्सनी राज्याचा खर्चही मांडला. तेरा मुलांनी मिळून सरकारी संस्थांत सुमारे ७२ वर्षे काढली. खर्च सुमारे ३०,७०० डॉलर. बारा मुलांनी मिळून काढली सुमारे २७३ वर्षे, आणि खर्च सुमारे १,३८,५०० डॉलर. मुलांच्या वाट्याचा माणूस वाचवला म्हणजे पैसा वाचतो असे जे कोणी मानतात त्यांनी हा ताळेबंद जरूर पाहावा.

त्या बारांत एक अपवाद होता, आणि तो आमच्या मनात घर करून राहिला आहे. तो छापखान्यात कंपॉझिटर झाला होता, आणि बाकीच्या सर्वांची मिळून होई जवळजवळ तेवढी कमाई हा एकटा करीत होता. हा कसा निसटला? ह्याला थोडे कमी ऐकू येत असे. त्यामुळे त्याला अनाथालयातून बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत हलवले गेले. तेथे भाषा शिकवणारे शिक्षक होते, आणि तेथील एका मेट्रनने ह्या पोराला विशेष जीव लावला. म्हणजे बारांत वाचला तो एकटा, कारण त्याच्या दोषाला नाव मिळाले, त्या नावामुळे त्याला योग्य जागा मिळाली, आणि त्या जागी एक माणूस मिळाले. १९६८ मध्ये स्कील्सना केनेडी प्रतिष्ठानाचे पारितोषिक मिळाले तेव्हा ते त्यांच्या हाती देण्यास त्या तेरांपैकीच एकजण व्यासपीठावर उभा होता.

आता एक सावधगिरीची सूचना. ही कथा ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की, जे मूल बोलत नाही त्याच्याशी घरात कोणी बोलत नसणार. तो निष्कर्ष सपशेल चुकीचा आहे, आणि त्याने हजारो आयांना विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. अनाथालयातील उपासमार ही एक गोष्ट; आणि भरल्या, बोलक्या घरातील मुलाला भाषा अवघड जाणे ही अगदी दुसरी. पुढे त्याच आयोवा विद्यापीठातील ब्रूस टॉम्ब्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सात हजारांहून अधिक बालवर्गातील मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. तीत शेकडा सात मुलांना ऐकू येत असून, इतर बुद्धी ठीक असून, भाषा तेवढी आत्मसात होत नव्हती. २०१७ पासून अभ्यासक ह्याला विकासात्मक भाषादोष असे एकच नाव वापरू लागले आहेत. ह्याची मुळे बरीचशी आनुवंशिक आहेत. तोतरेपणाचेही तसेच, त्यात आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या घडणीचा भाग मोठा आहे हे आता सिद्ध झाले आहे, आणि आईबापांच्या बोलण्याने तोतरेपणा जन्मतो हे जॉन्सनचे मत टिकलेले नाही. घरात दोन भाषा बोलल्याने मूल उशिरा बोलते हाही असाच समज. सोलापुरात तेलुगू घरातले पोर मराठी शेजारात वाढते, ते त्या कारणाने मुके होत नाही.

उलट, स्कील्सचे म्हणणे मात्र काळाच्या कसोटीला उतरले. विरोधकांनी जो चिठ्ठ्या टाकण्याचा आक्षेप घेतला होता त्याचे उत्तर साठ वर्षांनी रुमानियातून आले. बुखारेस्ट येथे २००० नंतर १३६ अनाथ मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून करण्यात आली. निम्मी पालक-कुटुंबांत ठेवली, निम्मी संस्थांतील नित्याच्या व्यवस्थेत राहिली. भाषेच्या बाबतीत असे आढळले की, पंधरा महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेली मुले साडेतीन वर्षांची होईतो गावातल्या इतर मुलांच्या बरोबरीला आली, आणि दोन वर्षांनंतर गेलेली मात्र संस्थेतल्या मुलांइतकीच मागे होती. वेळ निघून जाते, ती अशी निघून जाते.

तेव्हा आज वाचा-उपचारतज्ज्ञ करतो तरी काय? प्रथम तो मुलाचे कान तपासून घेतो. जे ऐकू येत नाही ते बोलता कसे येणार? मग तो मुलाबरोबर जमिनीवर बसतो. मूल जे पाहते त्याचे नाव घेतो. मूल 'गाडी' म्हणाले तर चूक न काढता 'हो, लाल गाडी आली' असे म्हणून तेच वाक्य एका पायरीने वर नेतो. बोलून झाल्यावर थांबतो, उत्तराला जागा ठेवतो. आणि हे थांबणेच मोठ्या माणसांना सर्वांत अवघड जाते. खुणांना तो अडवत नाही, कारण खूण ही शब्दाची वैरीण नाही. पुष्कळदा तो आईबापांनाच ही रीत शिकवतो. आयाला हॅनन मॅनलसन ह्या बाईंनी १९७५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे पालकांचे गट करून हे शिकवण्यास आरंभ केला. आठवड्यातील एका तासात तज्ज्ञ फार थोडे करू शकतो; उरलेले सगळे तास घराचे असतात. त्या वॉर्डातल्या बायकांनी ह्यांतले बरेचसे कोणी न शिकवता केले होते. पण ज्याचे भाषेचे गाडे मुळातच अडलेले आहे त्याला नुसती माया पुरत नाही. कोठे अडले ते ओळखणारी नजर लागते, आणि तिच्यासाठी शिक्षण लागते.

आपल्याकडे ह्या शिक्षणाची सोय साठीच्या दशकात म्हैसूरला आणि मुंबईच्या नायर रुग्णालयात सुरू झाली. १९८३ मध्ये वांद्र्याला श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. लहान मुलांच्या तपासणीची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य योजना २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली ती आपल्या पालघरलाच. तिच्या यादीत भाषेची वाढ मागे पडणे हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि सापडलेल्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रांची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा ह्यांच्या दोषाला नाव मिळाले. कागदावर सोय झाली, ही लहान गोष्ट नव्हे. कंपॉझिटरची गोष्ट आपल्याला हेच सांगते की, नाव मिळाले म्हणजे दार उघडते.

पण दारातून आत जावयास पाय लागतात. ज्या आईची खाडा केला की त्या दिवसाची मजुरी जाते, ती आठवड्यातून एकदा मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावी कशी जाणार? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. हजेरीपटावर बायकांची नावे एकोणतीसवर कशी थांबतात, हे आम्ही पाहिले आहे. आणि जेथे पाळणाघर होते तेथेही, एक आया आणि खोलीभर मुले. मुले गप्प असली म्हणजे आया चांगली, ही तिच्या कामाची कसोटी. डेव्हनपोर्टला ह्याहून वेगळे काय होते? अंगणवाडीची सेविका आज तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी-गोष्टी शिकवते, वजने घेते, खिचडी पाहते, आणि सरकारची नाना तऱ्हेची नोंदणी करते. तिला मिळते ते मानधन. ह्या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरवायलासुद्धा एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

म्हणून आमची विनंती दोघांना आहे. आईबापांना अशी की, मूल दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा आवाजाकडे वळून पाहत नसेल, तर चुलत्याच्या वकिलीची वाट पाहू नका. कान तपासा आणि जिल्ह्याच्या केंद्रात किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखवा. अडखळत असेल तर टोकू नका, आणि त्याला कोणी तोतऱ्या म्हणत असेल तर त्याला थांबवा. आमच्या संघटनांतील मित्रांना अशी की, मागणीपत्रात पगार, महागाई भत्ता आणि रजा ही कलमे असतातच. पाळणाघरात एका बाईकडे किती मुले, हे एक कलम त्यांत वाढवा. आणि मुलाच्या उपचारासाठी महिन्यातून काही दिवस भरपगारी अर्धी सुट्टी, हे दुसरे. ह्या दोन कलमांवर मालकाशी भांडताना स्कील्सचे ते दोन आकडे, ७२ वर्षे आणि २७३ वर्षे, टेबलावर मांडायला विसरू नका.